शरद ऋतूतील शिंका आणि वाहते नाक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांतील तक्रार एकच आहे : ऋतू पालटला की शिंकांची सरबत्ती सुरू होते आणि नाक पाण्यासारखे वाहू लागते. ही पत्रे एकत्र वाचली की मात्र असे दिसते की या एका तक्रारीमागे किमान तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला निरुपयोगी ठरते. म्हणून पुढील उत्तरांत औषधांच्या नावांइतकाच कारण ओळखण्यावर भर दिला आहे. ज्यांना आधीपासून दमा, काचबिंदू, मूत्रपिंडाचा विकार किंवा अन्य दीर्घकालीन आजार आहे, त्यांनी ही उत्तरे वाचून स्वतःच औषध सुरू करू नये.

प्रश्न : दरवर्षी शरद ऋतू सुरू झाला की सकाळी उठल्याबरोबर मला सलग आठ-दहा शिंका येतात, नाक गळत राहते आणि डोळे चुरचुरतात. हे दीड-दोन महिने चालते. घरातील मंडळी म्हणतात की माझी प्रतिकारशक्ती कमी असल्याने मला सारखी सर्दी होते. हे खरे आहे का?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून ही विषाणूंमुळे होणारी सर्दी वाटत नाही, ॲलर्जीची सर्दी वाटते. विषाणूंमुळे होणारी सर्दी साधारणपणे घसा दुखण्यापासून सुरू होते, अंग मोडून येते, कधी बारीक ताप येतो, दोन-तीन दिवसांत नाकातील स्राव घट्ट होतो आणि सात ते दहा दिवसांत आजार ओसरतो. ॲलर्जीत ताप येत नाही, स्राव पाण्यासारखा पातळच राहतो, शिंका एकामागून एक येतात आणि नाक, टाळू, कानाचा आतला भाग व डोळे यांना खाज सुटते. मला विचाराल तर या दोन्हींत फरक करणारे सर्वांत विश्वासार्ह लक्षण ही खाजच आहे. त्याखालोखाल महत्त्व कालावधीला द्यावे, कारण कोणतीही साधी सर्दी दीड महिना टिकत नाही आणि दरवर्षी त्याच सुमाराला परतत नाही.

प्रतिकारशक्ती कमी असल्याचा समज तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. ॲलर्जी असलेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा परागकणासारख्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू मानते आणि तिच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण श्वासावाटे आत आला की या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात, आणि त्यातून शिंका, खाज व पाणी या तिन्ही गोष्टी होतात. चार ते आठ तासांनी दाहाचा दुसरा टप्पा येतो. त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तरात जमा होतात आणि नाक चोंदते. सकाळी बाहेर गेलेल्या माणसाचे नाक संध्याकाळी घरी बसूनही बंद का होते, याचे उत्तर या दुसऱ्या टप्प्यात सापडते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. शाळा पुन्हा भरू लागल्यावर शरदाच्या सुरुवातीलाच ऱ्हायनोव्हायरस या सर्दीच्या विषाणूच्या संसर्गाची लाट अनेक देशांत येते, त्यामुळे ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला त्याच काळात खरी सर्दीही होऊ शकते. नेहमीच्या त्रासात ताप किंवा घसादुखीची भर पडली, तर दोन्ही एकत्र आले आहेत असे समजावे. स्राव पिवळा-हिरवा झाला म्हणून लगेच प्रतिजैविकांकडे वळू नये. हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतील विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो आणि विषाणूंच्या सर्दीतही तो दिसतो.

प्रश्न : फुले वसंतात फुलतात. मग शरदात परागकण येतात कोठून? आम्ही घरातील सर्व फुलझाडे काढून टाकली, तरी काहीच फरक पडला नाही.

उत्तर : आपण निर्दोष झाडांना शिक्षा केली, असे खेदाने म्हणावे लागते. रंगीत आणि सुवासिक फुलांचे पराग जड व चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला चिकटून प्रवास करतात आणि हवेत फारसे तरंगत नाहीत. ॲलर्जी होते ती मुख्यतः वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतींमुळे, आणि त्यांची फुले इतकी बारीक व हिरवट असतात की ती फुले आहेत हेही चटकन कळत नाही. शरदात अशा वनस्पतींचे प्रमाण मोठे असते. रॅगवीड हे तण दिवस लहान होऊ लागले की फुलते. त्याचे एक झाड एका हंगामात एक अब्जापर्यंत परागकण सोडू शकते आणि ते कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. दवणा ज्या कुळशाखेतील आहे त्या आर्टेमिसिया वर्गातील रानटी झुडपे, उशिरा फुलणारी काही गवते आणि रॅगवीडच्याच कुळातील गाजरगवत हेही या काळातील त्रासाचे स्रोत आहेत.

अमेरिकेतील मॉरिल वायमन या डॉक्टरांना स्वतःला दर शरदात हाच त्रास होत असे. थंड डोंगराळ भागात गेल्यावर तो थांबतो हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी रॅगवीडचे पुडके तेथे नेऊन उघडले, हुंगले आणि शिंका पुन्हा सुरू झाल्याचे पाहिले. या शारदीय विकाराचे वर्णन त्यांनी 1872 साली प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील चार्ल्स ब्लॅकली यांनी परागकणांवरील आपले प्रयोग प्रकाशित केले. झाडांवर सरसकट आळ घेण्याऐवजी एकेक संशयित तपासून पाहण्याची त्यांची ही पद्धत आजही अनुकरणीय आहे.

परागकणांखेरीज दोन कारणे लक्षात घ्यावीत. पहिले कारण बुरशीचे. ओल आणि कुजणारा पालापाचोळा असेल तेथे अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम यांसारख्या बुरशी वाढतात आणि त्यांचे बीजाणू हवेत मिसळतात. वाळलेली पाने गोळा करताना किंवा अंगण झाडताना त्रास उसळत असेल, तर संशय येथे घ्यावा. दुसरे कारण अंथरुणातील धूळकिड्यांचे. मिलिमीटरच्या एक-चतुर्थांशाएवढे हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, दमट हवेत ते भराभर वाढतात आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. दमट महिन्यांत त्यांची संख्या वाढलेली असते. नंतर थंडीमुळे खिडक्या बंद होतात, ठेवणीतील पांघरुणे बाहेर निघतात आणि नेमका तेव्हाच त्रास सुरू होतो. त्यामुळे दोष बाहेरच्या हवेचा आहे असे वाटते, पण तो गादीत असू शकतो. झोपेतून उठल्यावर त्रास सर्वाधिक आणि घराबाहेर पडल्यावर कमी होत असेल, तर धूळकिड्यांची शक्यता मोठी समजावी.

प्रश्न : मग टाळायचे नेमके काय? दिवसभर दारे-खिडक्या बंद करून बसणे शक्य नाही.

उत्तर : तसे बसण्याची गरजही नाही. कारण परागकण असेल तर कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी बाहेरील श्रमाचे काम टाळावे, बाहेरून आल्यावर कपडे बदलावेत, केस व चेहरा धुवावा आणि हंगामापुरते कपडे उघड्यावर वाळत घालू नयेत. पाचोळा उचलताना नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क वापरावा. कारण धूळकिडे असेल तर चादरी व अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत, गादी व उशीला घट्ट विणीचे आवरण घालावे आणि खोलीतील आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. यांपैकी एखादाच उपाय करून भागत नाही, कारण कणांचा भार एका मर्यादेच्या खाली आल्याशिवाय नाकाला फरक जाणवत नाही.

प्रश्न : डॉक्टरांनी नाकात मारण्याचा स्टिरॉइड स्प्रे दिला. तीन दिवस वापरला, काहीच उपयोग झाला नाही म्हणून सोडून दिला. शिवाय ‘स्टिरॉइड’ या शब्दाचीच भीती वाटते. नाकातून एकदा रक्तही आले.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण ज्या औषधाने सर्वाधिक रुग्णांना आराम पडला असता ते औषध याच तीन कारणांनी अर्धवट सोडले जाते.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड यांचे नाकाचे स्प्रे हे मध्यम ते तीव्र ॲलर्जीच्या सर्दीवरील सर्वांत परिणामकारक औषध आहे. शिंका, पाणी आणि चोंदणे या तिन्हींवर ते काम करते, आणि चोंदलेल्या नाकाला तर गोळ्यांपेक्षा निश्चितच अधिक गुण देते. मात्र ते दाह हळूहळू शमवते. पहिला परिणाम साधारण बारा तासांनंतर जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला एक ते दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत त्याची पारख करता येत नाही. ज्यांचा हंगाम ठरलेला आहे, त्यांनी तो सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी स्प्रे सुरू करावा आणि हंगाम संपेपर्यंत रोज वापरावा. त्रास होईल त्या दिवशीच दोन फवारे मारण्याची पद्धत सोय म्हणून ठीक वाटते, परंतु त्यातून या औषधाचा खरा लाभ मिळत नाही.

भीतीविषयी सांगायचे तर, येथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या एका फवाऱ्यात सामान्यतः 50 मायक्रोग्रॅम औषध असते, आणि फ्लुटिकासोन व मोमेटासोन यांचा अगदी अल्प अंश रक्तात पोहोचतो. महिनोन्‌महिने पोटात घेतलेल्या स्टिरॉइड गोळ्यांचे जे दुष्परिणाम ऐकिवात असतात, ते या मात्रेला लावणे योग्य नाही. दीर्घकाळ वापर होणार असेल तर लहान मुलांची उंची अधूनमधून मोजावी आणि काचबिंदू असणाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञांना कळवावे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

रक्त येण्याचे कारण बहुतेक वेळा फवारा मारण्याच्या रीतीत असते. डोके मागे टाकून, नळी सरळ आत खुपसून मारलेला फवारा दोन नाकपुड्यांमधील पडद्यावर आदळतो. तेथील अस्तर कोरडे पडते, सोलवटते आणि रक्त येते. योग्य रीत अशी : आधी नाक हलके शिंकरून मोकळे करावे, बाटली हलवावी, मान किंचित पुढे झुकवावी. उजव्या नाकपुडीसाठी डाव्या हाताचा व डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हाताचा उपयोग करावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळते. फवारा मारताना श्वास हळुवार घ्यावा. जोराने ओढल्यास औषध घशात उतरते आणि नाकाच्या वाट्याला काही उरत नाही. औषधाची कडवट चव घशाला जाणवली, तर रीत चुकली असे समजावे. रक्त आल्यास काही दिवस थांबून, रीत सुधारून पुन्हा सुरू करता येते. ते वारंवार येत असेल तर मात्र नाकाची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : नाक मोकळे करणारे थेंब मी गेले कित्येक महिने रोज रात्री घालतो. त्याशिवाय झोपच लागत नाही. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले हे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून काही मिनिटांत नाक उघडतात, पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरल्यास त्यांचा परिणाम ओसरताच अस्तर आधीपेक्षा अधिक सुजते. मग आणखी थेंब घालावे लागतात. आपले नाक आता ऋतूमुळे चोंदलेले नसून थेंबांमुळे चोंदलेले आहे. थेंब बंद करणे हाच यावरील उपाय आहे. त्याच वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइड स्प्रे सुरू केल्यास मधले अवघड दिवस सुसह्य होतात. एकदम बंद करणे जमत नसेल तर आधी एका नाकपुडीत थांबवावे, ती मोकळी राहू लागली की दुसऱ्या नाकपुडीत थांबवावे. पहिले काही दिवस कठीण जातात, हे मी आपल्यापासून लपवणार नाही, पण या फेऱ्यातून माणूस पूर्णपणे बाहेर पडतो.

प्रश्न : माझे काम वाहन चालवण्याचे आहे. सर्दीची गोळी घेतली की डोळे मिटू लागतात. झोप न आणणारी गोळी आहे का?

उत्तर : आहे, आणि आपण ती बदलून घेणे आपल्या व इतरांच्या जिवासाठी आवश्यक आहे. क्लोरफेनिरामिनसारखी जुन्या पिढीतील हिस्टामिनविरोधी औषधे मेंदूत शिरतात आणि गुंगी आणतात. झोप आल्याचे जाणवत नसतानाही प्रतिसाद मंदावलेला असू शकतो. अनेक मिश्र सर्दीच्या गोळ्यांत हेच औषध असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत. वृद्धांनी, विशेषतः प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी, ती टाळावीत. नव्या पिढीतील फेक्सोफेनाडिन व लोराटाडिन यांनी गुंगी फारशी येत नाही. सेटिरिझिन व लिव्होसेटिरिझिन यांनी काही जणांना येते, त्यामुळे पहिली मात्रा सुट्टीच्या आदल्या रात्री घेऊन पाहावी. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, कारण संत्रे, सफरचंद यांच्या रसाने त्याचे शोषण घटते. ते साध्या पाण्याबरोबर घ्यावे.

या गोळ्या शिंका, खाज आणि पाणी यांवर चांगल्या चालतात, चोंदण्यावर मात्र कमीच. मिश्र गोळ्यांत चोंदण्यासाठी घातलेल्या फिनाइलेफ्रिनविषयी 2023 साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने असा निर्वाळा दिला की तोंडावाटे घेतल्यास नेहमीच्या मात्रेत ते परिणामकारक नाही. लिव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी काही जण वर्षानुवर्षे घेतात, त्यांनीही थोडे थांबून विचार करावा. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना दुःस्वप्ने, चिडचीड, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार असे मानसिक परिणाम होऊ शकतात. 2020 साली त्याच नियामकाने त्यासंबंधी सर्वोच्च श्रेणीचा इशारा दिला आणि इतर औषधांनी भागत असेल तर केवळ ॲलर्जीच्या सर्दीसाठी ते वापरू नये असे सुचवले. असे काही बदल जाणवल्यास डॉक्टरांना त्वरित सांगावे.

प्रश्न : रक्ततपासणीत मला अनेक पदार्थांची ॲलर्जी निघाली. त्यावरून बरेच पदार्थ बंद केले, वजन घटले, पण शिंका तशाच आहेत.

उत्तर : ते पदार्थ बहुधा विनाकारण बंद झाले आहेत. रक्तात एखाद्या वस्तूविरुद्ध आयजीई सापडणे याचा अर्थ शरीराने तिची नोंद घेतली आहे, एवढाच. ती वस्तू खाल्ल्यावर किंवा हुंगल्यावर प्रत्यक्ष त्रास होत असेल तरच तिला ॲलर्जी म्हणावे. केवळ ऋतूनुसार येणाऱ्या शिंकांचे कारण अन्नात सापडणे अत्यंत दुर्मीळ आहे. चाचणी करायचीच असेल तर आधी आपल्या त्रासाचा इतिहास नीट सांगावा आणि त्यावरून निवडलेल्या मोजक्या हवेतील घटकांची त्वचेवरील टोचणी चाचणी करावी. तिचे उत्तर 15 ते 20 मिनिटांत मिळते. तिच्याआधी हिस्टामिनविरोधी गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाकाचा स्प्रे बंद करावा लागत नाही. बंद केलेले पदार्थ पुन्हा सुरू करण्याविषयी मात्र ॲलर्जीतज्ज्ञांशी बोलावे, विशेषतः पूर्वी एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल तर.

प्रश्न : मिठाच्या पाण्याने नाक धुणे कितपत योग्य?

उत्तर : योग्य आहे, परंतु पाणी निर्जंतुक हवे. एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ हे प्रमाण शरीरातील द्रवाशी जुळते आणि झोंबत नाही. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून कोमट केलेले किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) असावे. थेट नळाचे पाणी नाकात घातल्याने नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाचा मेंदूला संसर्ग होऊन मृत्यू झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अशा घटना अगदी थोड्या असल्या तरी पाणी उकळण्याचे कष्ट त्यापुढे काहीच नाहीत. भांडे दर वेळी धुऊन वाळवावे आणि स्प्रे वापरायचा असल्यास तो नाक धुतल्यानंतर वापरावा.

प्रश्न : माझे वय 63 आहे. थंड हवेत गेलो किंवा गरम जेवण समोर आले की नाकातून पाणी ठिबकते. खाज नाही, शिंका क्वचितच. ॲलर्जीच्या सर्व चाचण्या निर्दोष आल्या.

उत्तर : आपल्याला ॲलर्जी नाही. नाकातील ग्रंथी व रक्तवाहिन्या यांना नियंत्रित करणाऱ्या नसा तापमान, वास, वाफ यांना अतिरेकी प्रतिसाद देत आहेत, आणि तापमान रोज खालीवर होते त्या ऋतूत हे अधिक जाणवते. हिस्टामिनविरोधी गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नाही. केवळ पाणी गळणे हीच तक्रार असेल तर इप्राट्रोपियमचा नाकाचा स्प्रे चांगला गुण देतो. पाणी एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर धारेसारखे पडत असेल, खारट लागत असेल आणि पूर्वी डोक्याला मार बसला असेल, तर मात्र तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. त्याची तपासणी विनाविलंब व्हावी.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला दर शरदात शिंका येतात, ती तोंडाने श्वास घेते आणि सारखे नाक चोळते. हे पुढे दम्यावर जाईल का?

उत्तर : जाईलच असे नाही, पण नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वसनमार्गाची दोन टोके आहेत. ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांना दमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, आणि दमा असणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना नाकाचाही त्रास असतो. रात्री किंवा धावल्यावर खोकला येणे, छातीत घरघर होणे, खेळताना इतर मुलांपेक्षा लवकर दमणे, यांपैकी काही दिसल्यास फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. याशिवाय तिची झोप आणि वर्गातील लक्ष यांकडे पाहावे. रात्रभर नाक बंद असलेले मूल दिवसा पेंगते किंवा चिडचिडे होते आणि त्याला आळशी किंवा हट्टी ठरवले जाते. ही तिच्यावर अन्याय करणारी गोष्ट आहे, म्हणून उपचाराला उशीर करू नये. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर तो ॲलर्जीचा नसून आत अडकलेल्या मण्याचा किंवा बीचा असण्याची शक्यता अधिक असते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : हा त्रास मुळापासून जाण्याचा काही उपाय आहे का?

उत्तर : मुळाशी जाणारा उपचार एकच आहे. ज्या घटकाची ॲलर्जी आहे तोच अत्यल्प मात्रेपासून वाढवत देऊन शरीराला त्याची सवय लावायची, अशी ही रोगप्रतिकारक उपचारपद्धती लेनर्ड नून यांनी लंडनमध्ये गवताच्या परागकणांवर वापरून 1911 साली मांडली. आज ती इंजेक्शनच्या किंवा जिभेखाली ठेवण्याच्या औषधाच्या रूपाने दिली जाते. ती किमान तीन वर्षे चालते, आणि बंद केल्यावरही अनेकांना पुढील काही वर्षे लाभ टिकतो. परागकण, धूळकिडे यांसारख्या नेमक्या व सिद्ध झालेल्या घटकांसाठी, आणि औषधे नीट वापरूनही त्रास आटोक्यात येत नसेल तेव्हा, ती निवडावी. इंजेक्शननंतर क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते तशी सोय असलेल्या दवाखान्यातच घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे. दमा नियंत्रणात नसेल तर ही पद्धत सुरू करता येत नाही. ज्यांना पुढच्या शरदापूर्वी तिचा लाभ हवा आहे, त्यांनी यंदाचा हंगाम संपताच ॲलर्जीतज्ज्ञांना भेटावे, कारण चाचणी, मात्रा वाढवण्याचा काळ आणि शरीराचा प्रतिसाद यांना मिळून कित्येक महिने लागतात.